केबल टनेलचा धोका एका आकड्यात मावत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना. एका टोकाला ३३ केव्हीचं सबस्टेशन, दुसऱ्या टोकाला उत्पादन विभाग आणि मधे सव्वादोनशे मीटरचा आरसीसी केबल टनेल, नव्वदच्या दशकात बांधलेला. वरच्या ट्रेंवर ११ केव्हीच्या दहा केबल, त्याखाली ४१५ व्होल्टच्या, सगळ्यांत खाली कंट्रोल केबल. काही केबलचं इन्सुलेशन जुन्या पीव्हीसीचं, बाकीच्यांचं एक्सएलपीईचं, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं. विम्याच्या सर्व्हेयरने टनेलचं फायर रिस्क असेसमेंट मागितलं. सल्लागाराने पाच-बाय-पाचचा तक्ता भरला, ‘शक्यता २, परिणाम ४, गुणाकार ८, धोका मध्यम’ असा निकाल दिला आणि सोबत सगळ्या केबलना आगरोधक लेप लावण्याचं अंदाजपत्रक जोडलं. तिथले वीज विभागप्रमुख विचारतात: एवढ्यावर भागेल का? आणि भागत नसेल तर धोका मोजायचा कसा?

भागणार नाही. तक्त्यावर माझा राग नाही, पण तो ‘टनेल’ नावाच्या एका वस्तूला एक आकडा देतो. प्रत्यक्षात तुमच्या सव्वादोनशे मीटरमधले दोनशे मीटर बहुधा बऱ्यापैकी निर्धोक असतील आणि उरलेल्या पंचवीस मीटरमध्ये सगळा धोका एकवटलेला असेल. ते पंचवीस मीटर कुठले, हे शोधणं म्हणजे मूल्यमापन. म्हणून टनेलची लांबी तुकड्यांत पाडायची आणि प्रत्येक तुकड्याला तीन गोष्टी विचारायच्या: इथे पेट कशाने घेईल, पेटलं तर कुठवर जाईल, आणि तोवर आपल्याला कळून वीज तुटलेली असेल का? शेवटच्या प्रश्नाला एक शेपूट आहे, या तुकड्यातून नेमकं काय काय जातं? त्याकडे नंतर येतो.

पेट घेण्यापासून सुरू करू. नीट निवडलेली, नीट टाकलेली, क्षमतेत चालणारी केबल आपणहून सहसा पेटत नाही. पेटतो तो जॉइंट, म्हणजे केबलचे दोन तुकडे जोडलेली जागा. टनेलमध्ये उतरण्याआधी केबलचं वेळापत्रक आणि नकाशा घ्या आणि प्रत्येक जॉइंटची जागा खडूने नव्हे, रंगाने भिंतीवर लिहा. कुठल्या फीडरचा (वीज पुढे नेणाऱ्या लाइनचा), कुठल्या साली केला, कुठलं किट वापरलं, कोणी केला. निम्म्या जॉइंटची माहिती मिळणार नाही, हे मी आत्ताच सांगतो. ज्यांची मिळणार नाही ते वरच्या यादीत घ्या. रात्री दोन वाजता फॉल्ट काढून सकाळच्या पाळीपर्यंत फीडर चालू करायचा म्हणून घाईत केलेला जॉइंट आणि दुपारी निवांत केलेला जॉइंट यांत फरक असतो, आणि तो फरक दहा-पंधरा वर्षांनी बाहेर येतो. आमच्याकडे चांगल्या जॉइंटरला सगळे आप्पा किंवा आबा म्हणतात, वय काही असो. त्याला बोलावून टनेलमधून एक फेरी मारा. जॉइंटच्या बाहेरच्या नळीवरून, तिच्या आकुंचनावरून, अर्थिंगची वेणी कशी बांधली आहे त्यावरून तो जे सांगेल ते कुठल्याही तक्त्यात येत नाही.

जॉइंट का तापतो, याचं गणित साधं आहे. समजा दाब नीट न दिलेल्या लगमुळे (तारेवर दाबून बसवायच्या धातूच्या तुकड्यामुळे) जोडावर अर्धा मिलीओहम जादा रोध आला. ३०० अँपिअरला तिथे ४५ वॉट तयार होतात, तेही वीतभर जागेत, जाड इन्सुलेशनच्या आत. चांगल्या केबलच्या एका गाभ्यात तेवढाच प्रवाह असताना मीटरभर लांबीत बारा वॉटही होत नाहीत. त्या ४५ वॉटनी अॅल्युमिनियम फुगतं, लोड उतरला की आकसतं, जोड आणखी सैल होतो, रोध आणखी वाढतो. हे चक्र वर्षानुवर्षं गुपचूप चालतं.

थर्मल कॅमेऱ्याने हे पकडता येतं, पण दोन अटींवर. लोड चांगला असताना पाहायचं, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. निम्म्या लोडवर चौथा हिस्साच दिसतो. आणि आकडा एकटा वाचायचा नाही. जॉइंटवरच्या जाड आवरणामुळे आत नव्वद अंश असले तरी बाहेर पाच-सात अंशांचाच फरक दिसू शकतो. म्हणून शेजारच्या, तेवढ्याच लोडच्या जॉइंटशी तुलना करायची. ‘पन्नास अंश आहे, ठीक आहे’ हे वाक्य अहवालात दिसलं की तो अहवाल कपाटात ठेवून द्यावा.

कॅमेऱ्याला न दिसणारा दोष म्हणजे इन्सुलेशनमधली पोकळी, ओल, कापताना राहिलेला अर्धवाहक थर. तिथे आंशिक विसर्ग (पीडी), म्हणजे इन्सुलेशनच्या आत होणारं बारीक ठिणग्यांसारखं विद्युत-विसर्जन, तपासावं लागतं. अर्थिंगच्या वायरवर क्लॅम्प लावून चालू केबलवरही ते करता येतं. शटडाऊन मिळाला तर व्हीएलएफवर, म्हणजे अगदी कमी वारंवारतेच्या विजेवर, टॅन डेल्टा घ्या; इन्सुलेशन किती खालावलं ते त्यात कळतं. नुसतं मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) मारून ‘हजारात आलं’ म्हणून समाधान मानणारे पुष्कळ आहेत. मेगर ढोबळ दोष दाखवतं, पुढच्या वर्षी फुटणारा जॉइंट दाखवत नाही.

जॉइंटचं महत्त्व पटवायला एक मोठं उदाहरण पुरे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये टोकियोजवळ निइझा इथे भूमिगत टनेलमधल्या २७५ केव्हीच्या तेलभरल्या केबलला आग लागली. केबल १९८१ सालची होती, उगम जोडणीच्या भागात होता, आणि टोकियोतल्या सुमारे ५ लाख ८० हजार घरांची वीज गेली. तुमच्याकडे तेलभरली केबल नाही, त्यामुळे ज्वाळा तशा उसळणार नाहीत. पण जुनी जोडणी आणि अरुंद जागा ही जोडी तुमच्याकडेही आहे.

आता उष्णता. इथे खानदेशात बसून हा हिशेब करताना पुण्या-नाशिकचे आकडे चालत नाहीत. केबलच्या कॅटलॉगमधली हवेतली क्षमता ४० अंश तापमान धरून दिलेली असते. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ च्या पुढे जातो हे कोणाला सांगायला नको, आणि टनेलच्या आत केबलची स्वतःची उष्णता मिळवून ५० सहज होतात. एक्सएलपीईच्या तारेला ९० अंशांपर्यंत सतत चालायची मुभा आहे. ४० ऐवजी ५० अंशांच्या हवेत तिची क्षमता ०.८९ पट उरते. पीव्हीसीची मर्यादा ७० अंश, म्हणून तिची ०.८२ पट. म्हणजे कागदावर ४०० अँपिअरची पीव्हीसी केबल मेमध्ये तुमच्या टनेलमध्ये ३२५ ची होते, आणि एकाच ट्रेवर गर्दीने टाकल्याची घट यात अजून धरलेलीच नाही. जुन्या पीव्हीसी फीडरवर दरवर्षी एकेक मशीन वाढवत नेलं असेल तर हा हिशेब आधी करा.

आणि टनेलची एकूण उष्णता? ११ केव्हीची ३०० चौरस मिलिमीटरची तीन गाभ्यांची अॅल्युमिनियम केबल धरू. गरम अवस्थेत तिचा रोध किलोमीटरला सुमारे ०.१३ ओहम. ३५० अँपिअरला मीटरमागे ४८ वॉट. दहा केबल, सव्वादोनशे मीटर: जवळजवळ १०८ किलोवॉट. सगळ्या एकाच वेळी इतक्या भरलेल्या नसतात हे खरं. निम्म्या लोडवर हाच आकडा २७ च्या आसपास येतो. पण वरची हद्द माहीत असावी. भिंतीत मुरणारी उष्णता सोडली आणि हे सगळं हवेनेच बाहेर काढायचं म्हटलं, तर हवेत दहाच अंशांची वाढ चालेल असं धरून सेकंदाला साडेनऊ घनमीटर हवा लागते. तुमचा एक्झॉस्ट फॅन किती हवा ओढतो, हे त्याच्या पाटीवर बघा आणि मग टनेलच्या तोंडाशी प्रत्यक्ष मोजा. दोन्हींत फरक निघतो.

भिंतीत मुरणाऱ्या उष्णतेवर फार विसंबू नका. भोवती आपली काळी माती आहे. पावसाळ्यात ती ओली असते, उष्णता चांगली वाहते. एप्रिल-मेमध्ये ती कोरडी होऊन भेगाळते, भेगांत हवा शिरते आणि तीच माती उष्णता अडवून धरते. म्हणजे नेमकं जेव्हा गरज असते तेव्हाच ती साथ सोडते. याच मातीच्या फुगण्या-आकसण्याने टनेलचे सांधे हलतात, बाहेर पडणारे पाईप कलतात, आणि भिंतीतून निघताना केबल तिथे ताणली जाते. भिंतीपासून हातभर अंतरावर जॉइंट असेल तर त्याला धोक्याच्या यादीत एक पायरी वर चढवा.

पंख्याविषयी एक गोष्ट मी सगळ्यांना सांगतो आणि बहुतेकांना ती उलटी वाटते. मेमध्ये दुपारी बारा ते पाच पंखा जोरात चालवणं अनेकदा तोट्याचं असतं. बाहेरची हवा ४५-४६ आणि टनेलमधली ४२ असेल, तर तुम्ही पैसे खर्चून टनेल तापवता. आत-बाहेरचं तापमान मोजून फरकावर चालणारं नियंत्रण लावा. रात्री दहापासून पहाटेपर्यंत पंखा भरपूर चालू द्या, म्हणजे काँक्रीट थंड होतं आणि दुपारी तेच काँक्रीट तुम्हाला साथ देतं. आगीचा इशारा आला की मात्र पंखा काय करणार, हे आधी ठरलेलं हवं. बहुतेक ठिकाणी तो बंद व्हायला हवा आणि धूर काढायचा निर्णय माणसाने घ्यायला हवा. पंखा चालूच राहिला आणि आग लागली, तर तो भात्याचं काम करतो.

आता अशी गोष्ट, जी आग-मूल्यमापनाच्या अहवालात जवळजवळ कधीच दिसत नाही: रिलेची, म्हणजे दोष ओळखून ब्रेकरला वीज तोडायला लावणाऱ्या यंत्राची, सेटिंग. सल्लागार आगीच्या बाजूचे असतात, रिले वीजवाल्यांचा विषय म्हणून सोडून देतात. शॉर्टसर्किट झाल्यावर अॅल्युमिनियम-एक्सएलपीई केबल १ सेकंदाला दर चौरस मिलिमीटरमागे सुमारे ९४ अँपिअर सहन करते; त्यात तारेचं तापमान २५० अंशांवर जातं. ३०० चौरस मिलिमीटरच्या केबलला हा आकडा २८ किलोअँपिअर येतो, चिंता नाही. पण त्याच बसवरून (सगळे फीडर जिथून निघतात त्या वीजपट्टीवरून) एखाद्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला ९५ ची केबल दिलेली असते. तिची हद्द १ सेकंदाला ९ किलोअँपिअरच्याही आत. बसवर फॉल्टची पातळी १८ किलोअँपिअर असेल तर ती केबल पाव सेकंदच टिकते. तिच्या फीडरचा रिले समन्वयासाठी म्हणून अर्धा सेकंद मागे ठेवलेला असेल, तर फॉल्ट कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाला तरी टनेलमधली ती केबल सबंध लांबीभर एकाच वेळी भाजून निघते. आग तिथेच लागेल असं नाही. पण आवरण मऊ होतं, चिरतं, आणि पुढचा फॉल्ट टनेलमध्ये होतो. प्रत्येक फीडरसाठी ‘केबल किती टिकते’ आणि ‘ब्रेकर किती वेळात सुटतो’ हे दोन आकडे शेजारी मांडा. केबलच्या आर्मरचं (धातूच्या चिलखताचं) आणि तांब्याच्या स्क्रीनचंही (आतल्या वेष्टनाचंही) हेच गणित अर्थ-फॉल्टसाठी, म्हणजे वीज जमिनीकडे उतरण्याच्या दोषासाठी, करावं लागतं. हे काम दोन दिवसांचं आहे, खर्च जवळजवळ शून्य, आणि लेपाच्या साऱ्या अंदाजपत्रकापेक्षा त्याने जास्त धोका कमी होण्याची शक्यता आहे.

३३ केव्हीच्या बाजूला एकेरी गाभ्याच्या केबल असतील तर आणखी एक बघा. एकेरी केबल लोखंडी प्लेटच्या एका भोकातून नेली किंवा तिच्याभोवती पूर्ण वळसा घालणारी लोखंडी पट्टी आवळली, की ते लोखंड चुंबकीय प्रवाहाने तापतं. अशी जागा कॅमेऱ्यात लगेच उठून दिसते. प्लेट अॅल्युमिनियमची करायची, पट्ट्या बिनचुंबकीय धातूच्या. एवढंच.

बाहेरून येणारा पेट हा वेगळा विषय, आणि माझ्या मते लोक त्याला फार कमी किंमत देतात. टनेलमध्ये सगळ्यांत वाईट वायरिंग कुठलं असतं? संपातल्या, म्हणजे पाणी साठणाऱ्या खड्ड्यातल्या, पंपाचं. पावसाळ्यात पाणी भरतं, घाईघाईत पंप सोडतात, दोन जागी टेप गुंडाळून वायर लांबवतात, ती वायर ट्रेवर टाकतात आणि दिवाळी आली तरी ती तिथेच असते. कोणी हटकलं की उत्तर ठरलेलं: ‘काही व्हत नही, भो.’ त्यानंतर वेल्डिंग. ट्रेचा आधार गंजला म्हणून आत वेल्डिंग होतं, ठिणग्या खालच्या ट्रेवर पडतात, माणसं जेवायला जातात. परवानगीपत्रात ‘काम संपल्यावर तासभर थांबून पाहणी’ असा रकाना आहे का, आणि तो खरंच भरला जातो का, ते तपासा.

त्यात आपल्याकडची भर म्हणजे धूळ. जिनिंगच्या जवळपास कापसाचे तंतू, डाळ मिलजवळ भुसा, वीज केंद्रात कोळशाची भुकटी. हवेबरोबर ते टनेलमध्ये शिरतात आणि केबलवर गादी बनवतात. ही गादी दोन कामं करते: केबलची उष्णता कोंडते आणि ठिणगीला लगेच पेट घेते. कोळशाची भुकटी तर साठून राहिली की स्वतःच तापते. तुमच्याकडे जिनिंग नाही, पण शेजारी काय आहे आणि तुमचा हवेचा झरोका कोणत्या दिशेला उघडतो, हे बघून या. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की एकदा आणि उन्हाळ्याआधी एकदा ट्रे साफ करणं हा धोका कमी करायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे. उंदरांची लेंडी दिसली तर कंट्रोल केबलकडे नीट पाहा. आर्मर नसलेल्या केबल ते कुरतडतात.

आता आग पसरते कशी, याकडे येऊ. किती इंधन आहे ते आधी मोजा. वर घेतलेल्या ३०० च्या केबलमध्ये मीटरमागे अंदाजे अडीच लिटर आकारमानाचं प्लास्टिक भरतं. त्यातलं एक्सएलपीई किलोला सुमारे ४३ मेगाज्यूल देतं, पीव्हीसी १८ च्या आसपास. सगळं मिळून मीटरला साठ-सत्तर मेगाज्यूल. दहा केबलचे साडेसहाशे. म्हणजे टनेलच्या प्रत्येक मीटरवर अठरा लिटर डिझेलचा डबा ठेवलेला आहे असं समजा. सबंध टनेलमध्ये चार हजार लिटर. हा ढोबळ हिशेब आहे, तुमच्या केबलचे नेमके आकडे उत्पादकाकडून मागवा. पण हे एकदा मांडलं की व्यवस्थापनाची बैठक वेगळ्या सुरात होते. या हिशेबात बंद पडलेल्या, तशाच सोडलेल्या केबलही धरा. जुन्या टनेलमध्ये त्या बऱ्याच असतात. त्यांचा उपयोग शून्य, इंधन पूर्ण. कापून बाहेर काढा.

‘आमच्या नव्या केबल एफआरएलएस आहेत’, म्हणजे आगीला दाद न देणाऱ्या आणि कमी धुराच्या, हे उत्तर मला नेहमी मिळतं. चांगलं आहे, पण त्याचा अर्थ समजून घ्या. एफआरएलएस आवरणाचा ऑक्सिजन निर्देशांक किमान २९ लागतो. म्हणजे साध्या तापमानाला जळत राहायला त्याला २९ टक्के ऑक्सिजन हवा, हवेत तर २१ च असतो. पण आवरण तापत जातं तसा हा निर्देशांक उतरतो. तापमान निर्देशांक किमान २५० अंश असावा, याचा अर्थच असा की तेवढं तापल्यावर ते साध्या हवेत जळायला लागू शकतं. पेटलेल्या टनेलच्या छताखाली २५० अंश काही मिनिटांत होतात. शिवाय जुडग्यातल्या केबलच्या चाचणीत, सगळ्यांत कडक गटालाही मीटरमागे ७ लिटर प्लास्टिक, ४० मिनिटं ज्योत आणि करपण्याची हद्द अडीच मीटर. तुमच्या ट्रेंवर मीटरमागे पंचवीस लिटर आहे. म्हणून एफआरएलएस केबल छोट्या पेटाला दाद देत नाही, हे तिचं श्रेय. मोठ्या आगीत ती इतरांसारखीच इंधन असते. धूर आणि हायड्रोक्लोरिक वायू कमी होतो, शून्य होत नाही. पीव्हीसी काय चीज आहे, हे पाईप बनवणाऱ्या जळगावला मी काय सांगू? निव्वळ राळेत वजनाच्या निम्म्याहून अधिक क्लोरीन असतं. ते धुराबरोबर पॅनलपर्यंत पोहोचतं, दमट हवेत आम्ल बनतं आणि ज्या पॅनलला ज्योत लागलीही नाही ते महिन्याभरात गंजून बाद होतं.

पसरण्याला अडवते ती आडवी भिंत. टनेलमध्ये अग्निरोधक अडथळे किती आहेत, कुठे आहेत, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शाबूत आहेत का? भिंत बांधताना नीट बांधतात. मग नवी केबल ओढायची म्हणून कंत्राटदार भोक पाडतो, केबल ओढतो आणि भोकात पोतं, चिंध्या नाहीतर स्प्रेचा फोम भरून निघून जातो. अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात २२ मार्च १९७५ ला नेमकं अशाच एका जागी सुरू झालं. भिंतीतल्या केबलच्या भोकातून हवा गळते का, हे बघायला कामगाराने मेणबत्ती धरली आणि भोक बुजवायला वापरलेला पॉलियुरेथेन फोम पेटला. आग सुमारे सात तास चालली, सोळाशेहून अधिक केबल गेल्या. मला त्यातला आणखी एक भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. केबलवर पाणी मारायला लोक तासन् तास कचरत राहिले, भुकटी आणि कार्बन डायऑक्साईडवर भर देत राहिले. शेवटी पाणी मारलं तेव्हा आग थोड्याच वेळात विझली.

याच आगीतून तो शेपटाचा प्रश्न येतो: या तुकड्यातून काय जातं? ब्राउन्स फेरीत सुरक्षा यंत्रणेच्याच केबल त्या ट्रेंवर होत्या. तुमच्याकडे दोन्ही इनकमर (वीज आत आणणाऱ्या मुख्य केबल) एकाच टनेलमधून येतात का? एकाच बाजूच्या रॅकवर? आणि आग विझवणाऱ्या पंपाची केबल? मी पाहिलेल्या एका कारखान्यात फायर पंपाचा पुरवठा, त्याची पर्यायी केबल आणि ब्रेकर सोडवणारी डीसी केबल, तिन्ही एकाच ट्रेवर शेजारी-शेजारी होत्या. त्या टनेलला आग लागली असती तर ब्रेकर सुटला नसता आणि पंपही चालला नसता. तिथला धोक्याचा तक्ता ‘मध्यम’च होता. आगीच्या आकारावर परिणाम ठरत नाही, हे २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सोलमध्येही दिसलं. दूरसंचार केबलच्या एका टनेलला आग लागली आणि शहराच्या कित्येक भागांत फोन, इंटरनेट आणि दुकानातली कार्ड-यंत्रं बंद पडली. तुमच्या नकाशावर प्रत्येक तुकड्यापुढे लिहा: हा तुकडा पूर्ण गेला तर काय थांबतं आणि किती दिवस? अशी किती केबल आणि किट तुमच्या गोदामात आहेत, हेही लिहा. विम्याच्या माणसाला खरं तर हाच रकाना हवा असतो.

शोधण्याच्या यंत्रणेबद्दल थोडक्यात. धुळीच्या टनेलमध्ये साधे धूर-डिटेक्टर खोटे इशारे देतात, आणि तिसऱ्या खोट्या इशाऱ्यानंतर कोणीतरी पॅनलवरून तो विभाग बंद करून ठेवतो. पॅनलवर आत्ता बंद असलेले विभाग मोजा. तो आकडाच बरंच सांगतो. उष्णता ओळखणारी रेषीय केबल ट्रेवर नागमोडी टाकणं जास्त टिकाऊ. पण आपल्याकडे ६८ अंशांची घेऊ नका. भर उन्हाळ्यात भरलेल्या एक्सएलपीई केबलचा पृष्ठभागच ७० च्या वर जाऊ शकतो. केबलला चिकटून टाकायची तर ८८ किंवा १०५ ची घ्या. पैसे असतील तर ऑप्टिकल फायबरने तापमान मोजणारी यंत्रणा उत्तम, कारण ती इशाऱ्याच्या आधीचा चढ मीटरनिहाय दाखवते आणि तुमच्या लोडचा हिशेबही तपासून देते. कार्बन डायऑक्साईडचा पूर असणारी यंत्रणा कोणी सुचवली तर आधी विचारा: आत माणूस असताना ती कशी अडवणार?

अग्निशमन दलाला आधीच बोलावून टनेल दाखवा. दोन्ही तोंडं, मधले मॅनहोल, वीज पूर्ण तुटली हे त्यांना कोण आणि कशाच्या आधारे सांगणार, पाणी कधी मारायचं. हे एका पानावर लिहून दोन्ही दारांवर लावा. तुमची माणसं श्वसन-उपकरणाशिवाय धुरात उतरणार नाहीत, हेही त्याच पानावर. तपासणीसाठी साधं उतरतानाही वायू-मापक घेऊनच उतरा; शेजारच्या सांडपाण्याच्या नाल्यातून काय झिरपलं असेल ते नाकाला कळेलच असं नाही.

२००६ च्या राज्य अग्निप्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैमध्ये दिलं जाणारं ‘ब’ नमुन्याचं प्रमाणपत्र म्हणजे हे मूल्यमापन नव्हे. बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत आहे, एवढंच ते सांगतं. सर्व्हेयरने ते दाखवून समाधान मानलं तरी तुम्ही मानू नका.

लेपाचं विचारलंत. सगळ्या केबलना सरसकट लेप लावायला माझा विरोध आहे. पैसा तर जातोच, पण जॉइंट झाकले जातात, कॅमेऱ्याला काही दिसत नाही, पुढची केबल ओढताना लेप खरवडला जातो आणि कोणी परत लावत नाही. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर, अडथळ्याच्या भिंतीच्या दोन्ही अंगांना, आणि केबल उभ्या चढतात त्या जागी लावा. उभ्या चढाला आग सगळ्यांत वेगाने धावते. जॉइंट स्वतः लेपाने न झाकता उघडता येणाऱ्या अग्निरोधक पेटीत घ्या.

क्रम विचाराल तर: या महिन्यात रिलेचे आकडे आणि फायर पंपाच्या केबलचा मार्ग, कारण दोन्ही टेबलावर बसून होतात. त्याबरोबर संपाचं वायरिंग आणि साफसफाई. मग भिंतीतली भोकं बुजवणं, चाचणी झालेल्या अग्निरोधक साहित्याने. थर्मल कॅमेरा एप्रिलच्या शेवटी, लोड आणि ऊन दोन्ही चढल्यावर, दुपारी. पीडी तपासणी त्याच आठवड्यात, म्हणजे दोन्ही निकाल एकाच जॉइंटपुढे लिहिता येतील. ज्या जॉइंटवर दोन्हींत काही दिसलं तो पावसाळ्याआधी बदला. पाणी शिरल्यावर त्याला वेळ देऊ नका. सर्व्हेयरला तुकड्यांचा नकाशा द्या, प्रत्येक तुकड्यापुढे पेट, पसरणं, शोध, परिणाम असे चार रकाने भरून. त्याला शेवटी एकच आकडा हवा असेल तर सगळ्यांत वाईट तुकड्याचा द्या, सरासरीचा देऊ नका.